खांडबाऱ्याच्या सतरा विद्यार्थिनी

माझे वडील, आप्पा, खांडबाऱ्याच्या मराठी शाळेत मास्तर होते आणि गावचं पोस्टही त्यांच्याकडेच होतं. तेव्हा लहान गावांत असंच असे. शाळेच्या पडवीत एक टेबल, त्यावर तराजू, शिक्का, लाख, आणि खिळ्याला अडकवलेली टपालाची पिशवी. आमची शेती शहाद्याकडे ब्राह्मणपुरीला, ती काका बघत. आप्पांनी नोकरी धरली आणि आम्हाला घेऊन या रेल्वेच्या गावी आले. घरात आम्ही अहिराणी बोलत असू. आप्पाही बोलत, पण एकदा शिक्का हातात घेतला की आईशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलत. पोस्टाच्या वेळात तिने विचारलं, भाजी काय करू, तर ते म्हणत, "या विषयी नंतर विचार करू."

मी मुलांच्याच शाळेत, आप्पांच्या टेबलामागे बसून शिकले. मी बारा वर्षांची असताना, म्हणजे एकोणीसशे तीस सालानंतर थोड्याच दिवसांनी, देशावरच्या एका मोठ्या शहरातून शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. तिथल्या महिला कॉलेजचं माहितीपत्रक होतं. कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथली काही माणसं अजून आहेत. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की हे पत्रक दर्शनी जागी ठेवून गावातील सुशिक्षित मुलींच्या नजरेस आणावं. आप्पांनी ते नियमाप्रमाणे टेबलावर दर्शनी ठेवलं. गावातली सुशिक्षित मुलगी मी एकटीच होते आणि टेबलाच्या मागच्या बाजूला बसत होते.

ते पहिल्यांदा खरं पाहिलं शेठाणीने. बाजारपेठेत कापडाचं मोठं दुकान होतं, त्या मारवाडी शेठची ही बायको. वय चाळिशीचं, मूलबाळ नाही, जैन धर्माचं काटेकोर पालन आणि बोलण्यात मारवाडी, गुजराती, अहिराणी असं सगळं. माहेरी पत्र टाकायला ती आली होती. पत्रकाच्या पहिल्याच पानावर फोटो होता, वीस-पंचवीस बायका खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या, गंभीर चेहऱ्याच्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "कोनी मरी गयं का?"

एवढ्या बायका कामधाम सोडून एका जागी बसलेल्या तिने फक्त मयताच्या घरी पाहिल्या होत्या. मी सांगितलं की कोणी मेलेलं नाही, या शिकतात. ती म्हणाली, शिकतात मग स्वयंपाक कोण करतं? मी पत्रक उघडून भोजनगृहाचं पान वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की स्वयंपाकास आचारी आहेत. हे ऐकून शेठाणी तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, पहिल्यापासून वाच.

ते पत्रक टेबलावरून हलवायला आप्पांनी नकार दिला. दर्शनी जागेचा शब्द त्यांना पाळायचा होता. तेव्हा शेठाणीने मला एक कार्ड लिहायला सांगितलं, की मला आपले माहितीपत्रक पाठवावे. उमेदवाराचं नाव म्हणून तिचं स्वतःचं नाव घातलं. पंधरा दिवसांत दुकानाच्या पत्त्यावर पत्रक आलं.

दुकानाच्या वर माळा होता. कापडाचे गठ्ठे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला शेठाणीची बसायची जागा. चातुर्मासात तिथे पोथी वाचली जाई. त्याच चौरंगावर तिने पत्रक ठेवलं, लाल बासनात बांधून. तिला गुजराती अक्षरं लागत, मराठीची बाळबोध नाही. म्हणून दुपारी मी जायचं आणि वाचायचं. मी एक नियम वाचायची, ती त्याचा अर्थ लावायची. हळूहळू आणखी बायका येऊन बसू लागल्या. स्टेशनमास्तरांची बायको, गावची सुईण, सोनाराची सून, बाजाराच्या दिवशी डोंगरातून चारोळी आणि डिंक विकायला येणारी, तिकडच्या कोकणी आदिवासींतली एक बाई. तिला मराठी फारसं कळत नसे, पण ती शेवटपर्यंत बसायची.

सगळ्यात जास्त चर्चा व्हायची ती "विद्यार्थिनींनी सोबत आणावयाच्या वस्तू" या पानावर. सतरंजी एक, चादरी दोन, तांब्या-भांडे, कंदील, छत्री, पांढरी पातळे तीन, खोबरेल तेल, लहान आरसा एक. शेठाणीने एक पत्र्याची पेटी आणवली आणि यादीप्रमाणे एकेक वस्तू तिच्यात भरली. कशाला, असं मी एकदा विचारलं. तिने साधेपणाने सांगितलं, "माले तठे जानं शे." शेठला माहीत होतं का, तेही विचारलं. ती म्हणाली, माहीत आहे, छत्री त्यांनीच निवडली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा कार्ड टाकलं तर कॉलेजचं छापील उत्तर आलं की एका उमेदवारास पत्रक एकदाच मिळेल. शेठाणी फार अस्वस्थ झाली. नवीन पत्रकात नवीन नियम असणार आणि ते आपल्याला कळणार नाहीत. मी म्हणाले, नवीन उमेदवार करू. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. कुठल्यातरी मुलीने शिकायला जावं असं त्यांनाच तर वाटत होतं.

अशी पहिली मुलगी मी बनवली. तिला नदीचं नाव दिलं. नवं पत्रक आलं आणि पहिलीच गोष्ट शेठाणीच्या ध्यानात आली की यादीत आरसा नाही. तीन दिवस माळ्यावर दुसरा विषय नव्हता. शेवटी तिने निवाडा दिला की शिकलेल्या बाईला आरशाची गरज राहत नाही, हे त्या लोकांना वर्षभराच्या अनुभवाने कळलं असणार. तिने पेटीतून आरसा काढला. सोनाराच्या सुनेला हे पटलं नाही. तिने हट्ट धरला की विचारून घ्या. विचारायला आणखी एक मुलगी लागली.

मग हे वाढत गेलं. प्रत्येकीला काहीतरी विचारायचं असायचं आणि प्रत्येक प्रश्नाला नवा उमेदवार लागायचा. सुईणीला जाणून घ्यायचं होतं की तिथे मुली आजारी पडल्या तर बघतं कोण. स्टेशनमास्तरांच्या बायकोला वाटे की पहाटेची घंटा वाजवणारा माणूस स्वतः कसा उठतो. शेठाणीचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. पत्रकात रात्रीचं जेवण साडेसातला लिहिलं होतं आणि ती दिवस मावळल्यावर पाणीही घेत नसे. मी एका मुलीच्या नावे विचारलं, सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल काय. उत्तर म्हणून नेहमीसारखं पत्रक आलं. पण पुढच्या वर्षीच्या पत्रकात भोजनगृहाच्या पानावर एक नवीन ओळ छापलेली होती: सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या विद्यार्थिनींची वेगळी व्यवस्था केली जाईल.

ही ओळ मी माळ्यावर वाचली. शेठाणीने मला ती पुन्हा वाचायला सांगितली. मग उठून ती खाली गेली आणि दुकानात बसलेल्या शेठला सांगून आली.

नद्यांची नावं संपल्यावर मी फुलांकडे वळले. फुलं संपल्यावर एका मुलीला आमच्या म्हशीचं नाव दिलं. आडनावाच्या जागी कुठली कुठली गावं टाकली. एकीला मी तोरणमाळची केली, कारण तो चढ चढून खात्री करायला कोणी जाणार नाही असा माझा हिशेब होता. आप्पांनी या सगळ्या कार्डांवर स्वतःच्या हाताने शिक्के मारले. तरी त्यांना काही कळलं नाही. कार्ड उघडं असतं, पण पोस्टमास्तरची नजर झाकलेली असली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे पोटच्या मुलीचं अक्षर त्यांनी चार वर्षं पाहिलं नाही. दुकानाच्या पत्त्यावर येणाऱ्या पाकिटांवरची मुलींची नावं ते वाचत, पण शेठकडे मारवाडातून पुष्कळ नातलग येऊन राहतात अशी त्यांची समजूत होती.

मी मराठी सातवीची फायनल परीक्षा पास झाले त्या उन्हाळ्यात कॉलेजचं पत्र आलं, थेट आप्पांच्या नावे. आप्पांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला हाक मारली. पत्रात लिहिलं होतं की आपल्या गावातून स्त्रीशिक्षणाविषयी जी चौकशी होते तेवढी साऱ्या खानदेशातून होत नाही. ही जागृती पाहून संस्थेच्या एक अध्यापिका येत्या सोमवारी आपल्याकडे येत आहेत. सोबतच्या यादीतील उमेदवारांशी त्यांची भेट घडवून आणावी. यादीत सतरा नावं होती. शेठाणीचं नाव पहिल्या वर्षीचं, जुनं म्हणून गाळलेलं होतं.

"या गावातली प्रत्येक मुलगी मला ठाऊक आहे," आप्पा म्हणाले. "यातली एकही ठाऊक नाही. आणि ही तर आपली म्हैस आहे."

मी सगळं सांगितलं. ओरडतील, मारतील असं वाटलं होतं. ते उठून पोस्टाच्या नियमांचं पुस्तक घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. जेवताना त्यांनी आईला सांगितलं की पत्र पाठवणारी व्यक्ती अस्तित्वात असलीच पाहिजे असा नियम त्यात कुठेही नाही. घेणाऱ्याबद्दल आहे, पाठवणाऱ्याबद्दल नाही. मग ते थोडे मोकळे झाले. पण बाई एवढ्या लांबून येणार आणि कोणाला न भेटता परत जाणार, हे त्यांना पोस्टाच्या अब्रूला धरून वाटेना. नाही म्हणून कळवायला वेळ उरला नव्हता. पत्राच्या आधी बाई गाडीत बसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माळ्याखाली जाऊन उभे राहिले. ते वर कधी गेले नव्हते. शेठाणी जिन्याच्या तोंडाशी आली, सगळं ऐकून घेतलं आणि तिथूनच म्हणाली, "सतरा सांग्यात ना, सतरा देसूत."

सोमवारी दुपारच्या गाडीने बाई आल्या. पांढरं पातळ, पायात बूट, हातात छत्री, बरोबर चामड्याची बॅग. वय पस्तिशीचं असेल. आप्पांनी स्टेशनवर त्यांचं स्वागत केलं आणि मला सामान धरायला लावलं. वाटेत बाईंनी मला विचारलं, तू यादीतली कितवी. मी म्हणाले, मी यादीत नाही. ते खरंच होतं. चार वर्षांत सतरा मुली बनवताना माझं स्वतःचं नाव लिहावं असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

माळ्यावर सतरा बायका ओळीने बसल्या होत्या, अगदी त्या फोटोतल्यासारख्या, गंभीर. पाच-सहा नेहमीच्या, बाकीच्या शेठाणीने घरोघर जाऊन आणलेल्या. प्रत्येकीला एकेक नाव वाटून दिलं होतं. एकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं. सुईण साठीची होती. बाईंनी बॅगेतून यादी काढली आणि नावं पुकारायला सुरुवात केली. पहिल्या नावाला कोणी उठलं नाही. दुसऱ्याला दोघी उठल्या. म्हशीचं नाव सुईणीला आलं होतं आणि ते मात्र तिने चोख लक्षात ठेवलं होतं.

बाईंनी तिला वय विचारलं.

"सोळा," सुईण म्हणाली. प्रवेशाची वयोमर्यादा सोळा ते वीस आहे हे तिला पाठ होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि वहीत सोळा लिहिलं. मी जवळच उभी होते, मला दिसलं. त्यानंतर त्यांनी प्रत्येकीला वय विचारलं आणि प्रत्येकीने सोळा सांगितलं. त्यांनी सतरा वेळा सोळा लिहिलं. तोरणमाळची म्हणून ती डोंगरातली कोकणी बाई बसली होती. बाईंना तिच्याबद्दल विशेष कौतुक होतं. इतक्या उंचावरून तू आलीस, रस्ता कसा आहे, असं त्यांनी विचारलं. ती बाई तोरणमाळला आयुष्यात गेलेली नव्हती. ती तिच्या बोलीत बराच वेळ, हातवारे करत काहीतरी सांगत राहिली. बाईंनी शेठाणीकडे पाहिलं. शेठाणीने भाषांतर केलं, "चढ शे म्हने."

मग बाईंनी भाषण सुरू केलं. स्त्रीशिक्षणाचे फायदे सांगितले आणि शेवटी कॉलेजची माहिती द्यायला लागल्या. म्हणाल्या, पहाटे साडेपाचला घंटा होते. स्टेशनमास्तरांची बायको म्हणाली, पाचला. बाई म्हणाल्या, साडेपाच. शेठाणीने बासन सोडलं, चारही वर्षांची पत्रकं ओळीने मांडली आणि मला म्हणाली, काढ. मी काढून दाखवलं. तीन वर्षं साडेपाच होतं, यंदाच्या पत्रकात पाच. बाईंनी पान हातात घेऊन पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यानंतर प्रश्न सुरू झाले आणि तासभर थांबले नाहीत. वाचनालयाच्या वेळा कमी का केल्या, मागच्या वर्षी शिवणाची खोली पूर्वेला होती ती उत्तरेला कशी गेली, एका फोटोतली उंच मुलगी चार वर्षं तिथेच बसलेली आहे ती पास का होत नाही. बाईंनी मिळतील तेवढी उत्तरं दिली.

सगळ्यात शेवटी शेठाणीने आरशाचं विचारलं. बाईंनी आठवून सांगितलं की ती छापखान्यातली चूक होती, जुळाऱ्याच्या हातून ओळ राहून गेली.

"चूक ते तू म्हनी ऱ्हायनी," शेठाणी म्हणाली, आणि तिने तो विषय बंद केला.

बाईंनी चारही पत्रकं नीट रचून ठेवली. नंतर म्हणाल्या, "मी सहा वर्षं ही पत्रकं घेऊन गावोगाव हिंडते आहे. लोक ठेवून घेतात. कोणी वाचलेलं मी आज पहिल्यांदा पाहते आहे."

यातल्या किती जणी खरोखर येतील, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, हे मला आज समजतं. त्यांनी एवढंच विचारलं की फायनल पास कोण आहे. सतरा बोटं माझ्याकडे वळली.

पण मी यादीत नव्हते. बाई म्हणाल्या, मी तुझा अर्ज इथेच घेते. तेव्हा खाली जिन्याशी उभ्या असलेल्या आप्पांनी आवाज दिला की ते नियमात बसणार नाही. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की अर्ज टपालानेच पाठवावेत. बाई म्हणाल्या, मास्तर, मीच कॉलेज आहे. आप्पा म्हणाले, "आपण कॉलेज आहात, पण टपाल नाही." मी पोस्टात जाऊन अर्ज लिहिला, अठरावा. आप्पांनी शिक्का मारला, अर्ज पिशवीत टाकला, पिशवीला लाख लावली आणि ती संध्याकाळच्या गाडीत चढवली. त्याच गाडीत, पुढच्या डब्यात, बाई बसल्या. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या दोन दिवस कॉलेजच्या फाटकाशी पोस्टमनची वाट बघत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावर निरोप घ्यायला गेले. पेटी तिथेच भिंतीशी होती, भरलेली. मला वाटत होतं, ती मला मिळेल. मनातून मी ती धरूनच चालले होते. शेठाणीने माझी नजर ओळखली.

"मन्ही पेटी मन्ही शे," ती म्हणाली. "तू तुन्ही भर."

मला राग आला. आईने एका पोत्यात माझं सामान बांधून दिलं आणि मी पोतं घेऊन कॉलेजात गेले.

तिथे गेल्यावर काय झालं ते मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नाही. बाईंनी आपल्या अहवालात खरं तेच लिहिलं होतं, की सतरा उमेदवारांना समक्ष भेटले, सर्व सोळा वर्षांच्या, सर्वांना संस्थेची माहिती मुखोद्गत. कार्यकारी मंडळाने आनंदाने वसतिगृहातलं एक मोठं दालन खानदेशच्या मुलींसाठी राखून ठेवलं. मेट्रनबाई मला तिथे घेऊन गेल्या. अठरा खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी पुठ्ठ्यावर शाईने नाव लिहिलेलं होतं. नद्या, फुलं, आणि खिडकीशी, सगळ्यात हवेशीर जागी, आमची म्हैस.

बाकीच्या कधी येणार, असं मेट्रनबाईंनी विचारलं. मी म्हणाले, येतील. बाई तेव्हा गुजरातेत पत्रकं वाटायला गेल्या होत्या, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी मेट्रनबाई हजेरी घेत. त्या सतरा नावं क्रमाने पुकारत, प्रत्येक नावानंतर थोडं थांबत, गैरहजर अशी खूण करत आणि अठराव्याला मी "हजर" म्हणे. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. त्या रिकाम्या खाटांच्या मधून चालताना मला खरंच वाटू लागलं की मी एकटी पुढे आले आणि या मागे राहिल्या. माळ्यावरच्या बायकांचे चेहरे त्या नावांना चिकटले होते, ते निघत नव्हते.

महिन्याने मी मेट्रनबाईंना म्हणाले की त्या येणार नाहीत, नावं काढून टाका. त्या म्हणाल्या, पटावरचं नाव तोंडी निघत नाही, प्रत्येकीचं कारणासह पत्र हवं. म्हणून मी पुन्हा लिहायला बसले. सतरा पत्रं, सतरा कारणं. अकरा जणींची मी लग्नं लावली. दोघींच्या घरी आईचं आजारपण घातलं. एकीला शेतीच्या कामासाठी थांबवलं. तोरणमाळच्या मुलीला रस्ता बंद झाल्याचं लिहिलं. एकीचे वडील परवानगी देत नव्हते, हे पत्र लिहिताना मला कारण बनवावं लागलं नाही, कारण तशा मुली मी पाहिल्या होत्या. एकीलाही मारून टाकणं मला जमलं नाही, जरी ते सोपं पडलं असतं. म्हशीचं लग्न लावणं जिवावर आलं. तिला मी मामाकडे पाठवलं.

ही पत्रं मी एका पाकिटात आप्पांकडे धाडली आणि त्यांनी ती खांडबाऱ्याच्या शिक्क्याने एकेक करून परत पाठवली. सोबत मला चिठ्ठी लिहिली की नियमांचं पुस्तक पुन्हा पाहिलं, अडचण नाही.

दुसऱ्या वर्षी पालकभेटीच्या दिवशी फाटकाशी एक टांगा थांबला आणि त्यातून शेठाणी उतरली. मागून पेटी. शेठ तिला स्टेशनपर्यंत सोडून शहरात आपल्या माणसांकडे गेले होते. तिने मेट्रनबाईंना सांगितलं की ती तीन दिवस राहणार आहे. पालकांच्या राहण्याची सोय नव्हती, तसा नियमही नव्हता. पण नाही म्हणणारा नियमही सापडेना. तिला माझ्या शेजारची खाट दिली. पहाटे ती घंटेच्या आधी उठून बसली आणि घंटा दहा मिनिटं उशिरा झाली हे तिने कार्यालयात जाऊन सांगितलं. शिवणाची खोली कुठल्या दिशेला आहे ते तिने सूर्य बघून पक्कं केलं.

संध्याकाळी, ऊन असतानाच, मी तिला भोजनगृहात घेऊन गेले. मला धाकधूक होती. आचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता खिडकीजवळचा एक पाट झाडला आणि ताट वाढलं. कांदा-लसूण काही नव्हतं. नंतर त्याने मला सांगितलं की पत्रकात ती ओळ छापली तेव्हापासून तो रोज सूर्यास्तापूर्वी एक ताट तयार करतो. वरून हुकूम होता. खायला कोणी आलं नाही, म्हणून तो स्वतःच जेवत असे. शेठाणी अगदी सावकाश जेवली. मी समोर बसले होते. तिने ताटातलं मीठसुद्धा संपवलं.

निघायच्या दिवशी कार्यालयातल्या वृद्ध कारकुनांनी तिच्याजवळचं लाल बासन पाहिलं. संस्थेचीच पत्रकं, पण वर्षाच्या क्रमाने, एकही न गाळता. कार्यालयाच्या कपाटातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यांनी ती दप्तरासाठी मागितली. शेठाणीने नाही म्हटलं. मग कारकुनांनी विचारलं की नकलून तरी घेऊ द्याल का. ती म्हणाली, घ्या, पण माझ्या माळ्यावर येऊन. कारकुनांच्या वतीने त्या दिवाळीच्या सुट्टीत मी माळ्यावर बसून सगळी पत्रकं नकलली, चुकांसकट. आरसा गाळलेल्या वर्षी मीही गाळला. आज कॉलेजच्या दप्तरात त्या वर्षांची पत्रकं आहेत ती माझ्या अक्षरातली आहेत. मूळ प्रती शेठाणीने कोणाला दिल्या नाहीत. ती पेटी घेऊन आणखी दोनदा येऊन राहिली आणि पुढे बाळबोध वाचायला शिकली, स्टेशनवरच्या पाट्यांवरून.

कॉलेजने मात्र खांडबाऱ्याचा धसका घेतला. पटावरची नावं निघाली तोवर प्रवेश संपले होते, आणि सतरा खाटा वर्षभर अडकून पडल्याचं मंडळाला फार लागलं होतं. पुढच्या पत्रकात नवा नियम आला की खेड्यातून अर्ज करणाऱ्या मुलीने ती प्रत्यक्षात असल्याबद्दल स्थानिक पोस्टमास्तरचा दाखला जोडावा. आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या भागातून खऱ्या मुली अर्ज करू लागल्या. सोनाराच्या सुनेची धाकटी बहीण, नवापूरच्या एका शिपायाची मुलगी, ब्राह्मणपुरीहून शिकायला आमच्याकडे येऊन राहिलेली माझी चुलत बहीण.

आप्पांनी हे काम इतर कामांसारखंच मनावर घेतलं. दाखला मागायला आलेल्या मुलीला ते टेबलासमोर उजेडात उभं करत. नाव विचारत, वडिलांचं नाव विचारत, पाढा म्हणायला लावत. चुलत बहिणीलाही त्यांनी तसंच उभं केलं, जरी ती त्यांच्या मांडीवर वाढली होती. दाखल्याचा नमुना कॉलेजने दिलेला नव्हता, म्हणून मजकूर त्यांनी स्वतः ठरवला. सगळ्या दाखल्यांवर तोच आहे. वर मुलीचं नाव, खाली गोल शिक्का, आणि मध्ये त्यांच्या वळणदार अक्षरात: समक्ष पाहिली. आहे.